आलं, लिंबू, सोडा… आणि वोडका सगळ्यात शेवटी

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे ना' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आज मी चक्क किचनमध्ये बसून बोलतेय, त्यामुळे मागे फ्रिजची घरघर येईल, ती चालवून घ्या. विषय आहे घरच्या घरी आलं-लिंबाचं वोडका कॉकटेल. पबच्या मेन्यूवर ज्याला 'मॉस्को म्युल' म्हणतात आणि ज्याचे चांगले घसघशीत पैसे लावतात, तेच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं की शेकर नाही, बारचं सामान नाही, फ्लॅटवर चार-पाच जण बसणार आहोत, तर काय करता येईल. हे करता येईल. यात शेकर लागतच नाही.

आधी कायद्याचं बोलून घेते, नंतर विसरायला होईल. महाराष्ट्रात वोडका, व्हिस्की, रम या सगळ्यासाठी वय २५ पूर्ण लागतं. बिअर आणि वाइनला २१. शेजारी गोव्यात सगळ्यालाच २१. शिवाय आपल्याकडे पिण्यासाठी परवाना लागतो, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. वाइन शॉपवर किंवा बारमध्ये कधी कधी एक छोटी चिठ्ठी फाडून देतात ना, ती तीच. एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत, वर्षाचा १०० मध्ये आणि आयुष्यभराचा १००० मध्ये. तर पंचविशीच्या आत असाल तर वोडकाचा भाग तुमच्यासाठी नाही. पण म्हणून लगेच ॲप बंद करू नका. मला आज जे सांगायचंय त्यातला महत्त्वाचा भाग वोडकाशिवायचाच आहे.

म्हणजे कसं, ते सांगते. बहुतेक घरी काय होतं? वोडकाची बाटली मधोमध, आणि तिच्यात मिसळायला म्हणून काहीतरी गोड आणलेलं. जो पीत नाही त्याला त्याच मिक्सरचा उरलेला, गॅस गेलेला अर्धा ग्लास. मी हे उलटं करते. आल्या-लिंबाचं पेय आधी असं बनवायचं की ते एकटंच भारी लागलं पाहिजे. सगळ्यांना तेच. ज्याला हवी त्याच्या ग्लासात, त्याच्यासमोर, मोजून, शेवटी वोडका. आमच्या भाषेत सांगायचं तर बिनदारूचं हे डिफॉल्ट, आणि वोडका हे प्रत्येकाने स्वतः चालू करायचं सेटिंग. एवढा एक क्रम बदलला की पार्टीतल्या निम्म्या कटकटी आपोआप मिटतात. कशा, ते पुढे येईलच.

गंमत म्हणजे हे ड्रिंक जन्माला आलं तेही उरलेला माल खपवायला. नावात मॉस्को असलं तरी गोष्ट अमेरिकेतली, १९४१ च्या सुमाराची. जॉन मार्टिन नावाच्या माणसाने ह्यूब्लाइन या कंपनीसाठी १९३९ मध्ये स्मिरनॉफचे हक्क घेतले होते, पण तिकडे तेव्हा वोडका कोणी विचारत नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये 'कॉक अँड बुल' नावाच्या बारचा मालक जॅक मॉर्गन स्वतःची जिंजर बिअर काढून बसला होता, तीही खपत नव्हती. दोन न खपणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या, वर लिंबू पिळलं, आणि दोन्ही खपल्या. या गोष्टीच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत, बारटेंडर म्हणतो कल्पना माझीच होती, वगैरे. ते सोडून देऊ.

आता जिंजर बिअर म्हणजे बिअर नव्हे. पूर्वी ती आलं, साखर आणि यीस्ट घालून आंबवायचे, आता बाजारात मिळते ती बहुतेक साधी, बिनदारूची, आल्याची झणझणीत फसफस. आपल्याकडे दुकानात जास्त करून मिळतं ते जिंजर एल, जे फारच गोडमिट्ट आणि मिळमिळीत असतं. पुण्यात कॅम्पातल्या अर्देशीरचा सोडा १८८४ पासून आहे आणि त्यात जिंजरही मिळतो, तो मला आवडतो, पण तो नुसता प्यायला. या ड्रिंकला आल्याचा ठसका हवा. तो विकत मिळत नाही, घरीच करावा लागतो. आणि करायला अगदी सोपा आहे.

तर आलं. १०० ग्रॅम घ्या, ताजं, जड, नखाने खरवडलं की रस दिसेल असं. सातारा भागातलं आलं मिळालं तर बघायलाच नको. सोलायची गरज नाही, पण बोटांच्या खाचांतली माती ब्रशने नीट काढा. तुकडे करा, १०० मिली पाण्याबरोबर मिक्सरमधून काढा, आणि स्वच्छ पंच्यातून पिळून घ्या. चोथा टाकू नका, बाजूला ठेवा.

आता इथे घाई करायची नाही. हा रस पंधरा-वीस मिनिटं एका काचेच्या ग्लासात नुसता ठेवून द्या. तळाशी पांढरा थर बसेल. ते आल्यातलं स्टार्च, आपल्या भाषेत सत्त्व. वरचा रस हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, पांढरं तिथेच राहू द्या. ते सत्त्व तसंच गरम केलं की रस घट्ट होतो आणि ड्रिंकला तांदळाच्या पेजेसारखा बुळबुळीतपणा येतो. चव बिघडत नाही, पण पिताना काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं.

वरचा रस जितके मिली, तितके ग्रॅम साखर. १२० मिली रस निघाला तर १२० ग्रॅम. चिमूटभर मीठ. मंद गॅसवर साखर विरघळेपर्यंतच ठेवायचं, उकळी आणायची नाही. यामागे कारण आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा असतो जिंजेरॉल नावाच्या द्रव्याचा. आलं वाळलं की त्याचं शोगाओल होतं, ते अजून तिखट, म्हणून सुंठ जास्त झोंबते. आणि आलं शिजवत राहिलं की झिंजेरोन तयार होतं, ते सौम्य आणि गोडसर. चहात आलं उकळून प्रेमळ होतं ते यामुळे. आपल्याला आत्ता प्रेमळ आलं नकोय. आपल्याला नाकात जाणारं हवंय.

हा पाक थंड करून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतो. एवढ्यात साधारण नऊ ग्लास होतात.

लिंबाबद्दल एकच सांगते. इंग्रजी रेसिपीत 'लाइम' वाचून लोक सुपरमार्केटमध्ये महागडी हिरवी फळं शोधत फिरतात. अहो, आपलं रोजचं कागदी लिंबू हे लाइमच आहे. पातळ सालीचं, रसाळ. एका मध्यम लिंबातून साधारण १५ मिली रस निघतो आणि एका ग्लासला तेवढाच लागतो. आयत्या वेळी कापा, साल अगदी चेपून पिळू नका, कडवटपणा उतरतो. सकाळीच सगळी लिंबं पिळून ठेवायची आयडिया सोयीची वाटते, पण संध्याकाळपर्यंत त्या रसातली जान गेलेली असते.

मग ग्लास लावायचा. मोठा, २५०-३०० मिलीचा. बर्फ काठोकाठ. बर्फ कमी घातला तर तो लवकर वितळतो आणि पाणचट होतं, लोकांना हे उलटं वाटतं. आणि बर्फाचा ट्रे फ्रीजरमध्ये झाकून ठेवा बाबांनो, बोंबलाच्या शेजारी ठेवलेल्या बर्फाला कुठलाही पाक वाचवू शकत नाही. बर्फावर २० मिली पाक, १५ मिली लिंबाचा रस, चमच्याने हलवा. मग १२० मिली सोडा, फ्रिजमधून आत्ता काढलेला, कडक थंड. सोडा कोमट असला की गॅस ओततानाच उडून जातो.

इथे थांबा आणि एक घोट घ्या. हे एकटंच भारी लागतंय का? नसेल तर पाक वाढवा, लिंबू वाढवा, अजून चिमूटभर मीठ घाला. वोडका घालून हे सुधारणार नाही. वोडकाला स्वतःची चव जवळपास नसते, ती फक्त आहे त्या चवीत धार आणते.

मग ज्याला हवी त्याच्या ग्लासात ३० मिली वोडका. वोडका हलकी असते, वरच तरंगत राहते आणि पहिला घोट उगाच कडक लागतो, म्हणून चमचा तळापर्यंत घालून एकदाच वर उचला. गरागरा ढवळू नका. झालं.

वोडका कुठली, हेही विचारलं होतं. मधल्या दराची कुठलीही चालेल. आलं इतकं बोलकं आहे की महागड्या बाटलीचं त्याच्यापुढे काही चालत नाही.

आता तांब्याचा मग. फोटोत हे ड्रिंक नेहमी तांब्याच्या मगात असतं, आणि ऑनलाइन ते मग स्वस्तात मिळतात. घ्यायचे तर आतून स्टील किंवा निकेलचा थर असलेले घ्या. नुसत्या तांब्यात लिंबू नको. हे तुम्हाला तुमची आजीसुद्धा सांगेल. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ताक, चिंच, लिंबू ठेवलं की कळकतं. तांब्याची भांडी आपण लिंबा-चिंचेने का घासतो? आम्लामुळे वरचा थर विरघळतो म्हणून. मगात तो विरघळलेला तांबा तुमच्या पोटात जातो. २०१७ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्याच्या मद्य विभागाने याबद्दल सूचनाही काढली होती, म्हणजे आजीच्या बरीच नंतर. साधा काचेचा ग्लास उत्तम.

बरं, आता मी ३० मिली, ३० मिली करतेय ते मोजायचं कसं? आपल्याकडे मोजमाप म्हणजे झाकण, नाहीतर ग्लासाला आडवी धरलेली दोन बोटं. अंदाजपंचे दाहोदरसे! बोटं कोणाची, त्यावर सगळं. घरात खोकल्याच्या औषधाबरोबर आलेलं छोटं प्लॅस्टिकचं मापटं असतं बघा, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. स्वच्छ धुवा आणि तेच वापरा. दोन मापटी म्हणजे ३०.

एवढं काटेकोर कशाला, असं वाटेल. तर ऐका. 'वोडका हलकी असते', 'वोडका म्हणजे लेडीज ड्रिंक' हे मी कॉलेजपासून ऐकतेय. आपल्या दुकानांतल्या बाटल्या फिरवून मागचं लेबल वाचा. वोडका ४२.८ टक्के. रम ४२.८. व्हिस्की ४२.८. बहुतेक सगळ्यांवर तोच आकडा. हलकी काही नाही, फक्त तिला वास आणि रंग नाही. आणि या ड्रिंकमध्ये तर आल्याचा तिखटपणा, लिंबाचा आंबटपणा, साखर आणि बर्फ. यात ३० आहे की ७५, हे जिभेला खरंच कळत नाही. व्हिस्की जास्त झाली तर घशाला कळतं. इथे थेट पायांना कळतं.

एखाद्या मुलीच्या ग्लासात 'अगं, हलकीच आहे' म्हणत न सांगता जास्त ओतणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना त्यात विनोद वाटतो. म्हणून माझ्या घरी नियम आहे, ज्याचा ग्लास त्याने स्वतः माप ओतायचं. मी होस्ट असले तरी दुसऱ्याच्या ग्लासात वोडका ओतत नाही.

आणि इथे आपला लाडका आग्रह येतो. पंगतीत जिलबीचा आग्रह करायची आपल्याला इतकी सवय आहे. 'माझ्याकडून एक', 'ताट रिकामं बरं दिसत नाही'. पाहुण्याने पानावर हात आडवा धरायचा, आपण हाताच्या फटीतून वाढायचं. त्यात प्रेम आहे, मान्य. जास्तीच्या जिलबीने फार तर रात्री पोट जड होतं. पण तोच आग्रह जसाच्या तसा बाटलीला लावला, की 'घे रे, एवढ्याने काय होतंय' सुरू होतं. आणि नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. औषध चालू आहे, उपास आहे, गाडी आहे, घरी कळेल.

माझ्या एका जवळच्या मित्राने दोन वर्षांपूर्वी दारू पूर्ण सोडली. का, ते मी इथे सांगणार नाही, ते त्याचं आहे. पण तो मला एकदा म्हणाला की सोडणं जमलं, पण दर वेळी नव्या माणसाला ते समजावून सांगणं नकोसं होतं. त्यामुळे तो येणंच टाळायला लागला होता. 'बसायचं का?' या आपल्या प्रश्नाचा अर्थच इतका ठरून गेलाय, की न पिणाऱ्याला वाटतं हे आमंत्रण आपल्याला नाहीच.

माझ्याकडे सगळ्यांना आधी एकच पेय मिळतं, तेव्हा कोणी कोणाला काही विचारत नाही, कारण विचारण्यासारखं काही दिसतच नाही. पण त्याच्या बाबतीत मला एक नवीन गोष्ट कळली. मला वाटलं होतं, सगळ्यांसारखा ग्लास म्हणजे त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, "मला स्टीलच्या ग्लासात दे." तोच बर्फ, तीच लिंबाची चकती असलेला काचेचा ग्लास हातात धरला की त्याला जुनी आठवण येते, आणि ती त्याला नकोय. तर विचारायचं. एकट्याला, आधी, फोनवर. सगळ्यांसमोर नाही. स्टीलचा ग्लास आता त्याचा ठरलेला आहे आणि खरं सांगू का, अजून दोघांनी मागायला सुरुवात केलीय.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. दोन्ही पेयं दिसायला तंतोतंत सारखी आहेत. म्हणून वोडका जगमध्ये कधीच, कधीच घालायची नाही. जग नेहमी कोरा. आणि वोडका घातलेल्या ग्लासाला लगेच रबर बँड लावायचा. चुकून कोणाचा ग्लास कोणी उचलला, आणि तो उचलणारा सोडलेला असेल, किंवा झोपेची, ॲलर्जीची गोळी घेतलेला असेल, किंवा गाडी चालवणार असेल, तर ते चुकून फार महागात पडतं.

गाडीचं गणित मी करून ठेवलंय, तुम्हाला सांगते. ३० मिली वोडकामध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. तुलनेसाठी, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत साधारण ४० ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. 'मी फक्त एक बिअर घेतली' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाने ६० मिली वोडका घेतली तर आकडा येतो साधारण ४० च्या वर. ५५ किलोच्या बाईने तेवढीच घेतली तर ६५ च्या आसपास, आणि ३० मिलीलाच ती मर्यादेच्या काठावर. हे कागदावरचं गणित आहे, पोट भरलेलं की रिकामं यावर बदलतं. पण यात 'एकच घेतली, चालवू शकतो' याला जागा फारशी उरत नाही. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि पकडलं जाणं हा त्यातला चांगला शेवट आहे.

मग लोक म्हणतात, लिंबूपाणी पाज, उतरेल. नाही उतरत. लिंबू नाही, ब्लॅक कॉफी नाही, डोक्यावर गार पाणी नाही. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने कमी होतं, ते लिव्हर तिच्या वेगाने करते. तिला घाई करता येत नाही, आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरसारखं रीस्टार्टही करता येत नाही. आणि गंमत बघा, या ड्रिंकमध्ये लिंबू आधीपासूनच आहे, तरी चढतेच ना? आमच्याकडे जो चालवणार तो पहिल्यापासून जगमधलंच पितो, आणि त्याच्यासाठी पाक जरा जास्त तिखट करतो आम्ही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. तुम्ही सज्ञान आहात, ठरवा. मी स्वतः एका संध्याकाळी ३० मिलीचे दोन घेते, आणि मधे एक कोरा ग्लास. आलं असल्यामुळे कोरा ग्लासही तेवढाच झोंबतो, त्यामुळे हातात काही नाहीये असं वाटत नाही.

चखण्याला नुसतं खारं फरसाण ठेवू नका, तहान वाढते आणि हात ग्लासाकडे जातो. बसायच्या आधी पोटभर जेवण, आणि बरोबर उकडलेले शेंगदाणे, कांदा-कोथिंबीर घालून.

आणि हो, तो बाजूला ठेवलेला चोथा. त्यात अजून भरपूर जीव असतो. बर्फाच्या ट्रेमध्ये थोड्या पाण्याबरोबर गोठवून टाका आणि सकाळी चहाच्या आधणात एक-एक क्यूब. तळाशी बसलेलं ते पांढरं सत्त्व मात्र खरंच टाकून द्या, मी त्याचं काय काय करून बघितलं, काही होत नाही त्याचं.

पाक करून बघितलात तर फोटो पाठवा. पुढच्या भागात उन्हाळ्याची सोय, कोकम. भेटू!